अक्षरें मोजीत वेरुळापर्यंत

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक इटालियन पाहुणी आठ दिवस राहून गेली. माझा धाकटा पुतण्या तोरिनो शहरीं यंत्रविद्या शिकावयास आहे; ज्या बाईंच्या घरीं तो भाड्यानें राहतो त्याच ह्या. वयानें माझ्या बरोबरीच्या, म्हणजे साठी ओलांडलेल्या; जन्मभर शाळेंत लॅटिन शिकवून आतां निवृत्त झालेल्या. वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहावीं ही त्यांची फार दिवसांची इच्छा, आणि पुतण्याला सुटी मिळतांच तो त्यांना बरोबर घेऊन आला. मी मॅट्रिक झालेला, पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकून चौतीस वर्षें मराठी व संस्कृत शिकविणारा मास्तर. इंग्रजी आम्हां दोघांचेंही बेताचेंच. अडलें तेथें पुतण्या दुभाष्या. तरीही आठ दिवसांत आम्हीं दोघांनीं जितकी व्याकरणचर्चा केली तितकी मीं माझ्या सहकारी शिक्षकांशीं साऱ्या नोकरींत केली नसेल.

बाईंनीं येण्यापूर्वीं पुतण्याकडून देवनागरी अक्षरें शिकून घेतलीं होतीं. विमानतळावरून घरीं येतांना रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्या मोठ्यानें वाचीत होत्या. "सं-भा-जी-न-ग-र", आणि शेवटचा 'र' पूर्ण अकारासह, थोडा लांबवूनच. मागच्या बाकावर नातवंडें हसूं लागलीं. मीं त्यांना दटावलें, पण दटावतां दटावतां माझ्याच ध्यानीं आलें कीं बाई चुकत नव्हत्या. पाटीवर लिहिलें होतें तेंच त्या वाचीत होत्या. आपण 'नगर' लिहितों आणि 'नगर्' म्हणतों. 'घर' लिहितों आणि 'घर्' म्हणतों. मराठी ही जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, इंग्रजीसारखी लबाडी तिच्यांत नाहीं, असें मीं वर्षानुवर्षें फळ्यापुढें उभें राहून सांगितलें आहे. तें विधान विमानतळ आणि आमचें घर यांच्या दरम्यान निकालांत निघालें.

बाईंच्या जिभेला व्यंजनावर थांबण्याची संवयच नाहीं. इटालियन भाषेंतले बहुतेक सारे शब्द स्वरांत संपतात, त्यामुळें व्यंजनान्त शब्द समोर आला कीं त्यांच्या तोंडून मागें एक पुसटसा स्वर येतोच. जो अकार आपण लिहितों आणि गिळतों, तो त्या बोलतात.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत मंडळी जमली. बाईंनीं मुलांना एक खेळ शिकविला. त्यांच्याकडे अगदीं लहान मुलांस शब्दाचे उच्चारी तुकडे पाडावयास शिकवितात. एका तुकड्याला एक टाळी. मुलांच्या हट्टानें सूनबाईनें त्या दिवशीं पास्ता केला होता, तेव्हां पहिला शब्द तोच. मुलांनीं टाळ्या दिल्या, 'पास्-ता'. बाईंनीं मान हलविली: 'पा-स्ता'. त्यांच्याकडे 'स'च्या पुढें व्यंजन आलें तर दोन्हीं मिळून पुढल्या तुकड्यांत जातात. आपल्याकडे तो 'स्' मागल्या अक्षराला टेकतो, म्हणून तर संयोगाच्या मागलें अक्षर गुरु होतें. 'पुस्तक' हें 'पुस्-तक' असेंच आपल्या तोंडीं येतें. दुहेरी व्यंजनापाशीं मात्र दोन्ही भाषांचें एकमत. शहराला त्यांच्याकडे 'चित्ता' म्हणतात, हें ऐकून नातवंडांची हंसतां हंसतां पुरेवाट झाली. टाळ्या मात्र त्यांनीं बरोबर दिल्या, 'चित्-ता'. फक्त जोर शेवटच्या 'ता'वर द्यावयाचा. 'पाला' म्हणजे त्यांचें फावडें आणि 'पल्ला' म्हणजे चेंडू. आमच्याकडे पाला झाडाचा आणि पल्ला वाटेचा. एका 'ल'चे दोन केले कीं शब्दाचें वजन बदलतें आणि अर्थही बदलतो, ही गोष्ट दोन्हीं घरीं सारखीच.

जोराची गोष्ट मात्र वेगळी. 'आंकोरा' या शब्दांत पहिल्या अक्षरावर आघात दिला तर जहाजाचा नांगर, दुसऱ्यावर दिला तर 'आणखी', आणि सामान्य लेखनांत दोहोंची अक्षरें एकच. मराठींत आघातानें अर्थ बदलत नाहीं. आपल्या लिपीनें झांकलेलें गुपित दुसरें आहे: 'जग' हा शब्द 'दुनिया' या अर्थीं वाचा आणि 'जगणें' या क्रियापदाची आज्ञा म्हणून वाचा, दोन 'ज' वेगळे, अक्षर एकच. परक्या माणसानें तें कसें ओळखावें? तें कानानेंच यावें लागतें.

मग माझ्या धाकट्या नातीनें अंक म्हणून दाखविले. 'सत्तावीस, अठ्ठावीस' येतांच बाईंनीं तिला थांबविलें आणि मला विचारलें, "एकट्या अंकाला सात म्हणतां, मग वीसाबरोबर सत्त कसें?" मी सरसावून बसलों. संस्कृतांत 'सप्त', प्राकृतांत 'सत्त', मराठींत 'सात'; संस्कृतांत 'अष्ट', प्राकृतांत 'अट्ठ', मराठींत 'आठ'. जोडाक्षर गेलें तेव्हां त्याचें वजन मागल्या स्वरानें उचललें आणि तो दीर्घ झाला. 'हस्त, हत्थ, हात', 'दुग्ध, दुद्ध, दूध', सगळी याच वाटेची मंडळी. पण सामासिक शब्दांत जुनें रूप टिकलें, म्हणून 'सत्तावीस'. बाईंनीं कागद ओढून घेतला आणि लॅटिन व इटालियन अंक शेजारीं लिहिले. लॅटिन 'सेप्तेम', इटालियन 'सेत्ते'. लॅटिन 'ओक्तो', इटालियन 'ओत्तो'. म्हणजे इटालियन आमच्या प्राकृताच्या पायरीवर उभें आहे आणि मराठी एक पायरी पुढें आली आहे! आमच्या सौभाग्यवतींनीं दूध विरजावयाचें राहिलें म्हणून दोनदां आठवण केली, पण त्या रात्रीं उठावेंसें वाटत नव्हतें.

निजण्यापूर्वीं मुलांनीं आमच्या शहराच्याच नांवांना टाळ्या दिल्या. मलिक अंबरानें 1610 सालीं वसविली ती 'खडकी', दोन टाळ्या. येथेंही गंमत आहेच: 'खडक' म्हणतांना 'ख-डक्', आणि 'ई' प्रत्यय लागून 'खडकी' झाली कीं 'खड्-की', प्रत्यय आला कीं मधला अकार बाहेर पडतो. पुढें त्याच्या मुलानें 1626 च्या सुमारास 'फतेहनगर' केलें, चार टाळ्या. 1653 त 'औरंगाबाद', त्याही चारच. आणि 2023 पासून 'छत्रपती संभाजीनगर', एकंदर नऊ. एस. टी.चा वाहक आतांच त्यांतल्या पांच टाळ्यांवर भागवूं लागला आहे. नांव मोठें झालें म्हणजे बोलणारा तें आपल्या श्वासापुरतें करून घेतो, त्यांत अनादर नसतो. 'औरंगाबाद'चा संधि सोडवितांना मी मुलांना सवर्णदीर्घ सांगत असें, 'औरंग' अधिक 'आबाद'. वास्तविक फारसींत 'औरंग' हा शब्द व्यंजनांतच संपतो. त्याचा 'ग्' नुसता पुढल्या 'आ'ला जाऊन चिकटतो. बाईंच्या भाषेंत 'अमीको' म्हणजे मित्र. त्याला मागें उपपद लागलें कीं 'ला-मी-को'. तोच प्रकार. पाणिनीला फारसींत न ओढतां काम भागलें असतें.

दुसऱ्या दिवशीं पैठणला गेलों. शहराच्या दक्षिणेस सुमारें 50 किलोमीटरांचा रस्ता. नाथांच्या समाधीचें दर्शन घेतलें, आणि मग बाईंना लेकीसाठीं वस्त्र घ्यावयाचें म्हणून विणकराच्या मागापाशीं बसलों. गांवाचें नांव 'पै-ठण्', वस्त्राचें 'पैठ्-णी'. खडक आणि खडकी यांचीच पुनरावृत्ति. पैठणच्या मातींत आलें म्हणजे माझ्यासारख्या माणसाला बोलण्याचा उमाळा येतोच. 'प्रतिष्ठान' हें मूळ नांव, त्याचें प्राकृत 'पइट्ठाण', त्याचें आमचें 'पैठण'. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या व्यापारी प्रवासवर्णनांत या शहराचें नांव 'पैठान' असेंच आलें आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर, असें तो नाविक सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं बाजारांतला माणूस 'प्रतिष्ठान' म्हणत नव्हता, जवळ जवळ आपण म्हणतों तेंच म्हणत होता. शिलालेखांत आणि पोथींत 'प्रतिष्ठान' राहिलें, तोंडीं 'पैठण' झालें, आणि आज वस्त्राला नांव मिळालें तें तोंडच्या शब्दावरून. प्रतिष्ठानी कोणी नेसत नाहीं. हें सारें मीं मोठ्या अभिमानानें सांगितलें, हें पुढल्या हकीगतीसाठीं वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

बाईंनीं त्यावर लॅटिनचा एक नियम सांगितला तो ऐकून मी चकितच झालों. शब्दाचें शेवटून दुसरें अक्षर गुरु असेल तर आघात त्याच्यावर. लघु असेल तर त्याच्या मागल्या अक्षरावर. नियम सगळा लघुगुरूंचा! आपल्या वृत्तशास्त्रांतल्या माणसाला तो क्षणांत कळावा. आणि एकदां आघात ठरला कीं तें अक्षर शतकानुशतकें टिकतें, झीज होते ती आजूबाजूच्या निराघात अक्षरांची. 'कालिदुस', म्हणजे ऊन, त्याचें 'काल्दो' झालें. मधली 'इ' गेली. शहरवाचक 'चिव्हितातेम्'चें शेपूट गळून 'चित्ता' उरलें. आघात होता तेथेंच राहिला, म्हणून आज तो शेवटच्या अक्षरावर दिसतो, आणि तेथें ते वर एक तिरकी रेघ देतात. अशा शब्दाला त्यांच्याकडे 'छाटलेला' म्हणतात. शेवटून दुसऱ्यावर आघात असलेला तो 'सपाट', तिसऱ्यावर असलेला तो 'घसरता'. व्याकरणाच्या परिभाषेला इतकें घरगुती रूप मीं पूर्वीं ऐकलें नव्हतें. मराठींत असा आघात होता कीं काय, यावर मोठ्या पंडितांनीं वाद घातला आहे. टर्नर यांनीं 1916 सालीं वेदकालीन स्वरांच्या खुणा मराठींत दिसतात असें मांडलें. मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिणारे फ्रेंच पंडित झूल ब्लोक यांचें मत निराळें. त्या वादांत पडण्याचा माझा अधिकार नाहीं. आजच्या मराठींत जोर सौम्य आहे आणि तो बहुधा वजनदार अक्षराच्या मागें जातो, एवढें कोणाच्याही कानाला कळतें.

तिसऱ्या दिवशीं अजिंठा. लेण्यांत पाऊल टाकतांच बाई गप्प झाल्या, त्या तासभर बोलल्याच नाहींत. त्यांना येथें येण्याचें एक खास कारणही होतें. निजाम सरकारनें 1920 ते 1922 च्या दरम्यान भित्तिचित्रांच्या रक्षणासाठीं लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलाविले होते. निखळत आलेला गिलावा त्यांनीं भिंतीला पुन्हां धरून बसविला, हा त्यांचा उपकार. पण वर लाखेचें लेपन दिलें तें कालांतरानें पिवळें पडलें, आणि पुढें तें उतरविण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना करावे लागले. बाईंनीं हें शांतपणें ऐकून घेतलें. 'अजिंठा' हें नांव मात्र त्यांनीं पहिल्या प्रयत्नांत बिनचूक उच्चारलें. मधलें 'जिं' गुरु, जोर त्याच्यावर. त्यांच्या 'फिरेन्त्से' शहराच्या नांवासारखेंच वजन, यगणाचें म्हणा ना. इंग्रज अंमलदारांना हेंच नांव 'अजंटा' केल्यावांचून चैन पडलें नव्हतें.

वेरुळाची वारी चौथ्या दिवशीं. छावणी मागें टाकून दौलताबादला आलों. किल्ल्याच्या तटाच्या वेशींतून गाड्या एकामागून एक जावयाच्या, म्हणून बराच वेळ थांबावें लागलें. बाजूला पेरूच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या. मूळची देवगिरि, 1327 त महंमद तुघलकानें केलेलें दौलताबाद. 'दौलत' एकटी असली तर 'दौ-लत्', 'आबाद' जोडलें कीं 'दौल्-ता-बाद'. बाईंना आतां नियम पाठ झाला होता. त्या स्वतःच टाळ्या देत होत्या. पुढें घाट चढून जातों तों सूनबाईनें समोरची पाटी मोठ्यानें वाचली, "मामंजी, खुलताबाद आलें."

मी पाटीकडे पाहत राहिलों. सरकारी पाटी, ठळक अक्षरांत 'खुलताबाद'.

तीस-एक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत या गांवचा एक मुलगा होता. इतिहासाचा धडा वाचतांना औरंगजेबाच्या दफनाचें वाक्य आलें. पुस्तकांत 'खुल्दाबाद' असें छापलेलें, आणि मुलानें वाचलें 'खुलताबाद'. मीं त्याला थांबविलें. 'खुल्द' म्हणजे स्वर्ग, बादशहाला मरणोत्तर जी पदवी मिळाली तींतला हा शब्द, त्यावरून गांवाचें नांव, ही सारी व्युत्पत्ति मीं सांगितली. आणि मग त्याला बाकावर उभा करून 'खुल्-दा-बाद' असें दहा वेळां म्हणावयास लाविलें. स्वतःच्या गांवाचें नांव ज्याला येत नाहीं असा मुलगा, असेंही कांहींसें मी बोललों. वर्ग हंसला. वर्षअखेरपर्यंत त्या मुलानें पुन्हां उभें राहून मोठ्यानें वाचलें नाहीं. त्याची पाळी आली कीं तो घसा धरून बसे, आणि मीही पुढल्याकडे वळें.

दोन दिवसांपूर्वीं पैठणच्या मागापाशीं बसून मी काय सांगत होतों? प्रतिष्ठानाचें पैठण झालें हें भाषेचें वैभव, आणि खुल्दाबादाचें खुलताबाद झालें ती मुलाची चूक? 'ल्द' हा संयोग मराठी जिभेला अपरिचित; शेजारचें 'दौलताबाद' रोज तोंडीं येणारें. त्या शेजाऱ्याच्या चालीवर 'खुलताबाद' झालें असावें, असें मला आतां वाटतें. तो मुलगा घरीं आई म्हणे तेंच म्हणत होता. त्याला त्याच्या गांवाचें नांव येत होतें. तें मला येत नव्हतें.

पुतण्यानें हें बाईंना सांगितलें कीं नाहीं, कोण जाणे. मी त्याला सांग म्हणालों नव्हतों. पण त्यानें सांगितलें असावें, कारण थोड्या वेळानें बाई हळूच म्हणाल्या कीं त्यांच्या भाषेंत 'रुब्रीका' असा एक शब्द आहे, पत्तेवहीला म्हणतात. जोर 'ब्री'वर द्यावयाचा, पण पुष्कळ लोक तो 'रु'वर देतात. त्या चुकीपायीं तोंडी परीक्षेंत त्यांनीं किती मुलांचे गुण कापले असतील याची मोजदाद नाहीं. मग घाट उतरेपर्यंत कोणी बोललें नाहीं.

वेरुळाला पोंचल्यावर कैलास लेणें पाहिलें. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळीं, आठव्या शतकांत, एका डोंगरांतून वरून खालीं कोरीत आणलेलें तें देवालय. त्याचें वर्णन ह्या मासिकांत अनेकदां येऊन गेलें असेल, तें मी पुन्हां करीत नाहीं. 'वेरूळ' लिहितांना 'रू' दीर्घ आणि 'वेरुळांत' लिहितांना ऱ्हस्व, 'देऊळ' आणि 'देवळांत', हें मात्र बाईंना सांगितलें. पुढें प्रत्यय आला कीं वजन पुढें सरकतें आणि मागचा स्वर अंग चोरतो. जुन्या लेखांत या गांवाचें नांव 'एलापुर' असें येतें.

तेथून घृष्णेश्वराला गेलों. अहल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें तें तांबूस दगडाचें देऊळ दुपारच्या उन्हांत फार सुंदर दिसतें. सभामंडपांत एक वृद्ध गुरुजी स्तोत्र म्हणत बसले होते. संथ, स्वच्छ, प्रत्येक अकार पूर्ण, पदान्तींचाही. बाई खांबाशीं थांबून ऐकूं लागल्या आणि एकाएकीं माझ्याकडे वळून हंसत म्हणाल्या, "हे माझ्यासारखे बोलतात!" खरेंच होतें. संस्कृतांत अन्त्य अकार गिळला जात नाहीं. मराठी वृत्तांतही तो मोजला जातो, आणि अभंगाचीं सहा-सहा-सहा-चार अक्षरें मोजतांना आपण बोलण्यांत न येणारे अकार धरूनच हिशेब जुळवितों. बाईंच्या कवींचें उलटें आहे: त्यांच्या अकरा अक्षरांच्या ओळींत एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढल्याच्या आरंभींचा स्वर मिळून एकच अक्षर धरतात. आम्हीं न बोललेलें मोजतों, ते बोललेलें वगळतात. विमानतळाच्या रस्त्यावर नातवंडें ज्याला हंसलीं, तो उच्चार गुरुजींच्या तोंडीं ऐकून मुलांनीं हात जोडले.

परततांना मीं गाडी खुलताबादला थांबवावयास सांगितली. भद्रा मारुतीचें दर्शन झाल्यावर रस्त्याकडेच्या टपरींत चहा घेतला. चहावाला सत्तरीचा असावा. मीं सहज विचारल्यासारखें करून विचारलें, "काहो, तुम्हीं गांवाला काय म्हणतां, खुल्दाबाद कीं खुलताबाद?" तो म्हणाला, "गुरुजी, कागदावर कायबी असूंद्या. आमची म्हातारी माणसं रोजाच म्हणायची." हें तर बादशहाच्याही आधींचें नांव, माझ्या दहा वेळांच्या घोकणींत तें कोठेंच नव्हतें. मग त्या मुलाच्या घराण्याचें नांव सांगून चौकशी केली. घर विकून ती मंडळी पुण्याकडे गेल्याला पुष्कळ वर्षें झालीं, एवढेंच कळलें. पत्ता कोणाजवळ नव्हता.

गेल्या आठवड्यांत बाईंचें पत्र आलें. इंग्रजी मजकुराखालीं दोन ओळी देवनागरींत आहेत. लेकीला वस्त्र फार आवडलें, असें त्यांत आहे, आणि वस्त्राचें नांव त्यांनीं ऐकलें तसें लिहिलें आहे: 'पैठ्णी'. नातवानें तें पाहतांच माझ्यापुढें तांबडी पेन्सिल आणून ठेवली. ती मीं त्याला परत दिली. पत्र सूनबाईनें फडताळांत ठेवलें आहे.